पोरीच्या चर्चवाल्या शाळेत पेरेंट गव्हर्नरसाठी उभी राहू का?

सोलापुरी_चटणी

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात बर्कशायरमध्ये एका लहानशा गावात राहतो, मुलगी इयर टूला आहे, शाळा चर्च ऑफ इंग्लंडची प्रायमरी. आम्ही काही चर्चला जाणारे नाही, घरी दीड दिवसाचा गणपती बसतो, शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर आणि जागा मिळाली म्हणून घातली एवढंच. तर परवा गेटवर हेडटीचर बाईंनी थांबवलं, म्हणाल्या पेरेंट गव्हर्नरची एक जागा रिकामी होतेय, तुम्ही पालकसभेत नेमके प्रश्न विचारता, फॉर्म भरा ना. मी हो हो म्हणून घरी आले आणि आता डोक्याला भुंगा लागलाय.

नवरा म्हणतो पीटीएत समोसे तळून झाले, आता हे राहिलं होतं. पण हे पीटीएसारखं नाही एवढं मला कळलंय. नक्की काय असतं ते कुणी अनुभवाने सांगेल का? म्हंजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखं, सेक्रेटरी बोलणार बाकीचे चहा पिणार? आणि मी हिंदू, बोर्डावर व्हिकर म्हंजे चर्चचे धर्मगुरू बसलेले, तिथे मी काय बोलणार? शिक्षणातलं मला ओ की ठो कळत नाही, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जॉब सांभाळून वेळ किती जातो हेही सांगा. फॉर्मची मुदत पुढच्या शुक्रवारी.

बाकावरची_बाई

ताई, आधी अभिनंदन, कारण गेटवर थांबवून विचारतात म्हंजे त्यांना खरंच कुणीतरी हवंय, बऱ्याच शाळांत या जागा महिनोन्महिने रिकाम्या असतात. मी सहा वर्षं पेरेंट गव्हर्नर आहे, आमचीही चर्च ऑफ इंग्लंडचीच प्रायमरी, आणि मीही गणपतीवालीच.

पीटीए पैसे जमवते, केक विकते, समर फेअर करते. गव्हर्निंग बॉडी म्हंजे शाळेचं संचालक मंडळ समजा, पगार शून्य, फार तर प्रवासखर्च. कागदावर कामं तीन सांगतात: शाळा कुठल्या दिशेने चाललीये ते ठरवायचं, हेडला मुलांच्या शिक्षणाबद्दल जाब विचारायचा, आणि पैसा नीट खर्च होतोय ना ते बघायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिलं वर्षभर मला निम्म्या मीटिंगा नुसत्या लघुरूपांमुळे कळल्या नाहीत, सेंड काय, पीपी काय, केसीएसआयई काय, मी वहीच्या मागच्या पानावर यादी करायचे आणि घरी येऊन गूगल. लाजू नका, तिथेच विचारा, तुमच्या शेजारी बसलेल्या गोऱ्या आजोबांनाही कळलेलं नसतं.

आणि एक माझी फजिती सांगते म्हंजे तुमची होणार नाही. दुसऱ्याच मीटिंगला मी म्हटलं की इयर थ्रीला वाचनाची पुस्तकं आठवडाभर बदलत नाहीत. माझा लेक इयर थ्रीला होता. चेअरबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या हे वर्गशिक्षिकेशी बोला. झालं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नंतर कळलं, तुम्ही पालकांमधून निवडून आलात तरी पालकांचे वकील नाही. गेटवर कुणी तक्रार घेऊन आलं की ऐकून घ्यायचं आणि शाळेची तक्रारीची पद्धत दाखवायची, कारण उद्या तीच तक्रार वर आली तर गव्हर्नरांच्या पॅनेलपुढे येते, आणि तुम्ही आधीच एक बाजू ऐकून बसलात तर पॅनेलवर बसता येत नाही.

आता सपोर्ट आणि देखरेख या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात ना, मलाही वाटायच्या, एक गोड आणि एक कडू. मग एक मीटिंग झाली. हेडच्या रिपोर्टमध्ये होतं की इयर वनचा फोनिक्स चेक, म्हंजे अक्षरं-उच्चार जुळवून वाचायची चाचणी, छान गेला, आकडा देशाच्या सरासरीच्या वर. सगळे वा वा करून पुढच्या मुद्द्याला निघाले तेवढ्यात एक निवृत्त पोस्टमन आजोबा, एरवी मीटिंगभर गप्प बसणारे, म्हणाले की ज्यांच्यासाठी पीपीचे पैसे येतात त्या मुलांचं काय? पीपी म्हंजे प्युपिल प्रीमियम, ज्या मुलांना घरच्या कमी उत्पन्नामुळे गेल्या सहा वर्षांत कधीतरी फ्री मील्स मिळाली त्यांच्यासाठी शाळेला येणारी जादा रक्कम. हेड एक क्षण गप्प. मग म्हणाली त्यातली निम्मी मुलं पास झाली नाहीत. खोलीत शांतता. पण आजोबा तिला झोडपायला बसले नव्हते, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तुला काय लागेल? तिला सकाळच्या वेळेला एक टीचिंग असिस्टंट हवी होती आणि बजेटमध्ये मागायला ती कचरत होती. त्याच रात्री दुसरीकडचे थोडे पैसे वळवले. मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये हेड मला म्हणाली बरं झालं विचारलं. देखरेख आणि आधार एकाच प्रश्नात झाले की हो.

टेस्टर आहात ना, मग तुमचं तेच काम आहे. सगळं छान चाललंय असं कुणी म्हटलं की कुठे तुटतंय ते शोधायचं, फक्त डेव्हलपरशी भांडायचं नाही.

क्लार्कताई

मी तीन शाळांच्या गव्हर्नर बोर्डांची क्लार्क आहे, हल्ली गव्हर्नन्स प्रोफेशनल म्हणतात, काम तेच. वरच्या ताईंनी छान लिहिलंय, पण चटणीताई, तुम्ही आधी एक शोधा, शाळा नक्की कुठल्या प्रकारची आहे. चर्च ऑफ इंग्लंडची म्हटलं की एकच वाटते पण आत फरक जमीनअस्मानाचा.

व्हॉलंटरी कंट्रोल्ड असेल तर शिक्षकांची मालक काउन्सिल म्हंजे स्थानिक प्रशासन, ॲडमिशनही काउन्सिलच्या हातात, आणि चर्चने नेमलेले फाउंडेशन गव्हर्नर कमीत कमी दोन, जास्तीत जास्त बोर्डाचा चौथा हिस्सा. व्हॉलंटरी एडेड असेल तर उलटं, फाउंडेशन गव्हर्नर बाकी सगळे मिळून होतात त्याहून दोनने जास्त असतात, शिक्षकांची नेमणूक बोर्डाच्या नावाने, ॲडमिशनचे नियम बोर्ड ठरवतं, आणि इमारतीचं मोठं काम निघालं की साधारण १० टक्के वाटा बोर्डाने उभा करायचा. म्हंजे छत गळायला लागलं की एडेडवाल्यांची झोप उडते. ही विभागणी १९४४ च्या कायद्यातली आहे, तेव्हा तर हा वाटा निम्मा होता. त्याच्याही आधी, १८११ मध्ये नॅशनल सोसायटी निघाली आणि तिने गावोगाव चर्चला लागून शाळा काढल्या, सरकारने शाळा काढायच्या कितीतरी आधी. म्हणून तर जुन्या गावांत चर्च आणि शाळा एकाच भिंतीला टेकलेल्या दिसतात.

तिसरा प्रकार ॲकॅडमी. शाळा एखाद्या ट्रस्टमध्ये असेल तर कायद्याने जबाबदारी ट्रस्टींची, आणि तुमच्या लोकल बोर्डाला ट्रस्ट देईल तेवढेच अधिकार. त्याचा कागद असतो, स्कीम ऑफ डेलिगेशन, तो मागून घ्या आणि फॉर्म भरायच्या आधी वाचा. मी असे बोर्ड पाहिलेत जिथे बिचारे लोक दोन तास बजेटवर चर्चा करतात आणि नंतर कळतं की बजेट मंजूर करायचा अधिकारच त्यांना नाही.

काउन्सिलच्या शाळांत बोर्ड कमीत कमी सात जणांचं, त्यात निवडून आलेले किमान दोन पालक, हेड, एक स्टाफमधला, एक काउन्सिलने सुचवलेला, चर्चवाले, आणि मग कोऑप्टेड, म्हंजे बोर्डाने स्वतः घेतलेले. मुदत सहसा चार वर्षं. मूल मध्येच शाळा सोडून गेलं तरी मुदत संपेपर्यंत राहता येतं. पूर्ण बोर्डाच्या मीटिंगा कायद्याने वर्षाला तीन, बहुतेक ठिकाणी पाच-सहा होतात, शिवाय एखादी कमिटी. आणि जॉबचं म्हणाल तर एम्प्लॉयरने गव्हर्नरच्या कामाला रास्त वेळ द्यायलाच लागतो, १९९६ च्या कायद्यात आहे, फक्त तो पगारी द्यायचा की नाही ते त्यांच्यावर.

कागदपत्रं आठवडाभर आधी येतात, ७० पानं ८० पानं. ती वाचून न येणारे मला लगेच ओळखू येतात :) मीटिंगमध्येच पानं उलटायचा आवाज येतो.

वैतागलेला_बाबा

मी वेगळी बाजू सांगतो, कुणाला राग आला तर आला. मी दीड वर्षात सोडलं. शाळेचं नाव सांगत नाही. आमच्याकडे चेअर आणि हेड जुने मित्र, सगळं आधीच ठरलेलं, मीटिंग साडेसहाला सुरू आणि पावणेआठला घरी, कुणी प्रश्न विचारला की 'वी ट्रस्ट अवर हेड' हे एकच उत्तर. मी एकदा विचारलं की एका वर्षात चार शिक्षक सोडून गेले ते का, तर मला सांगितलं हे ऑपरेशनल आहे. म्हटलं अहो एक गेला तर ऑपरेशनल, चार गेले तर काय? पुढे ऑफस्टेड, म्हंजे शाळा तपासणारं सरकारी खातं, आलं, त्यांनी गव्हर्नरांना खोलीत बसवून पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारलं. तोपर्यंत मी बाहेर पडलो होतो, मला मित्राने सांगितलं.

ताई जा, पण आधी मागच्या तीन मीटिंगांचे मिनिट्स वाचा. ते कुणालाही बघायला मिळतात, फक्त कॉन्फिडेन्शियल भाग सोडून. त्यात प्रश्न दिसले तर जा. नुसतं 'नोंद घेतली, आभार मानले' असं असेल तर समोसेच बरे.

बाकावरची_बाई

@बाबा, चार शिक्षक सोडून जाणं हे नक्कीच बोर्डाचं काम आहे. कुणाचा टाइमटेबल कसा, कुठल्या वर्गाला कोण, हे हेडचं. पण माणसं का टिकत नाहीत हे नाही विचारायचं तर मग बसायचं कशाला. तुम्ही सोडायला नको होतं असं म्हणणार नाही, एकट्याने लढणं दमवतं.

नगरचा_पाहुणा

मी आमच्या गावच्या चर्च स्कूलमध्ये फाउंडेशन गव्हर्नर आहे, तर व्हिकरच्या बाजूच्या खुर्चीवरून लिहितो. आम्ही मूळचे अहमदनगरकडचे, घरात तीन-चार पिढ्या ख्रिस्ती, आजी मराठीतच प्रार्थना करायची. इथे आल्यावर लोकांना वाटतं मराठी म्हंजे हिंदू, आणि चर्चमध्ये वाटतं इंडियन म्हंजे केरळी, असो.

चटणीताई, तुम्ही हिंदू असल्याने काही अडत नाही. पेरेंट गव्हर्नरला धर्माची अट नाही. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की शाळेचं जे ख्रिस्ती स्वरूप आहे ते तुम्ही मोडायला निघणार नाही. ते जपायची खास जबाबदारी आमची, म्हंजे फाउंडेशनवाल्यांची, आणि व्हिकर बहुतेक शाळांत पदामुळेच बोर्डावर असतात. पण त्याचा अर्थ असा नाही की ते बोलले की सगळ्यांनी माना डोलवायच्या. आमचे व्हिकर भले माणूस, पण डेटा आला की त्यांचे डोळे मिटतात, तेव्हा आमच्या बोर्डावरच्या एक शीख बाई, अकाउंटंट आहेत, त्याच किल्ला लढवतात.

वर्शिपबद्दल बऱ्याच आपल्या लोकांना गैरसमज असतो. रोजची कलेक्टिव्ह वर्शिप म्हंजे सामूहिक प्रार्थना कायद्याने सगळ्याच सरकारी पैशाच्या शाळांना आहे, चर्च नसलेल्यांनासुद्धा, तिथे ती पातळ झालेली असते एवढंच. आणि पालकांना मुलाला त्यातून बाहेर ठेवायचा हक्क आहे. कंट्रोल्ड शाळेत आरई, म्हंजे धर्मांची ओळख करून देणारा विषय, साधारणपणे त्या भागाने ठरवलेल्या सिलॅबसप्रमाणे चालतं, त्यात दिवाळीही येते. माझ्या शाळेत एका मुलीने असेंब्लीत सांगितलं होतं की लाइट म्हंजे येशू पण आणि पणती पण, व्हिकर खूश झाले होते.

चर्च स्कूलवर इन्स्पेक्शन दोन. एक ऑफस्टेड, सगळ्यांना असतं, आणि दुसरं सायम्स, ते चर्चकडून, शाळा आपल्या ख्रिस्ती व्हिजनप्रमाणे खरंच वागते का ते बघायला. ऑफस्टेडने सप्टेंबर २०२४ पासून तो एका शब्दाचा शेरा बंद केला, सायम्सनेही २०२३ पासून जुने ग्रेड काढलेत. सायम्सवाले गव्हर्नरांशी बोलतातच. आम्हाला विचारलं की तुमच्या भिंतीवर लिहिलंय 'कुणीही मागे राहणार नाही', मग तुमच्या बोर्डाने कुठला निर्णय या वाक्यामुळे वेगळा घेतला? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मग चेअरला आठवलं, रेसिडेन्शियल ट्रिपसाठी पैसे नसलेल्या मुलांचा खर्च आम्ही गुपचूप उचलायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी मोठ्या ट्रिपचं ठिकाण स्वस्त केलं होतं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बोर्डाने व्हिजन जपायचं म्हंजे हे, पोस्टरचा फॉन्ट निवडणं नव्हे. (फॉन्टवर आम्ही एकदा चाळीस मिनिटं घालवलीत, कबूल आहे.)

हिशेबतपासनीस

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी फायनान्स कमिटीवर आहे.

लहान प्रायमरीचं दुखणं सध्या एकच, मुलं कमी होतायत. जन्मदर खाली आलाय आणि पैसे डोक्यामागे येतात. ऑक्टोबरमध्ये मोजणी होते, त्या दिवशी शाळेत जितकी नावं तितके पुढच्या वर्षाचे पैसे. आमचा इनटेक ३० चा, गेल्या वर्षी रिसेप्शनला, म्हंजे सगळ्यात लहान वर्गाला, आले १९. आता ११ मुलं कमी म्हणून शिक्षक पाऊण लागतो का? वर्ग तोच, हीटिंग तेच. बजेटचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पगारातच जातो, तिथे कात्री लावायची म्हंजे माणूस जातं. शेवटी दोन इयर एका वर्गात बसवायचा निर्णय घ्यावा लागला, पालक खवळले, गेटवर लोक माझ्याशी बोलेनात. हेडवर सगळा राग निघत होता. तेव्हा आमच्या चेअरने पालकांना पत्र बोर्डाच्या नावाने पाठवलं, हेडच्या नाही, आणि सभेत हेडच्या शेजारी चार गव्हर्नर उभे राहिले, मी पण, पाय लटपटत होते. निर्णय बोर्डाचा आहे असं सांगितल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता.

पण ती सभा व्हायच्या आधी आम्ही बंद खोलीत तिला तीन मीटिंगा पिळून काढलं होतं. तीन वर्षांचा अंदाज दाखव, सप्लाय म्हंजे बदली टीचरवर इतका खर्च का, रिसेप्शनचा ओपन डे नीट केला का. आत कडक, बाहेर एकत्र, आमचं असं चालतं.

आणि भीती नको, प्रामाणिकपणे काम केलं तर खिशातून भरायला लागत नाही.

गुरुजी_नाशिक

इकडून एक डोकावतो. आपल्याकडे आरटीई कायदा २००९ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. कागदावर तुमच्यापेक्षा पालकांचं वजन जास्त. पण अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देते. आणि आमच्याकडे मीटिंग म्हंजे रजिस्टर घरी फिरवून सह्या, सगळीकडे नाही, पण खूप ठिकाणी. एक निवृत्त पोस्टमन हेडमास्तरांना भर सभेत आकडा विचारतो हे वाचून मजा वाटली. हेवाही वाटला.

सोलापुरी_चटणी

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मी दोन दिवसांत गृहपाठ केला. शाळा कंट्रोल्ड निघाली. मिनिट्स ऑफिसमधून मागितले, सेक्रेटरी बाई जरा चकित झाल्या पण दिले. प्रश्न आहेत त्यात, बऱ्यापैकी. एका मीटिंगला कुणीतरी विचारलंय की हजेरी कमी असलेली मुलं कोण आणि हेडने पुढच्या मीटिंगला उत्तर आणलंय. म्हंजे बाबांच्या परीक्षेत पास.

दोन शंका उरल्या. मला सेफगार्डिंगचं, म्हंजे मुलांच्या सुरक्षिततेचं, लिंक गव्हर्नर (त्या एका विषयावर लक्ष ठेवणारी) करतील असं हेड सहज बोलून गेल्या, ते झेपेल का? आणि फॉर्मवर २५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचंय, त्यात काय लिहू, मी समोसे छान करते?

क्लार्कताई

समोसे लिहा, मतं पडतील :) गंमत सोडा, सध्याचं काम, मुलीची शाळा आवडते त्याचं एक खरं कारण, आणि तुम्हाला काय जमतं ते लिहा. एकाच जागेला एकच फॉर्म आला तर निवडणूक होतही नाही, बिनविरोध.

सेफगार्डिंग पहिल्याच वर्षी घेऊ नका असं माझं मत, निदान ट्रेनिंग होईपर्यंत तरी नाही. काम मुलांच्या केसेस वाचायचं नसतं, ती नावं तुम्हाला कळायलाही नकोत. शाळेची व्यवस्था चालते का ते बघायचं असतं, सिंगल सेंट्रल रेकॉर्डमध्ये सगळ्या स्टाफची तपासणी नोंदलेली आहे का, नवीन माणसाला ट्रेनिंग मिळालं का, सप्टेंबरचं नवीन केसीएसआयई, म्हंजे मुलांच्या सुरक्षिततेची सरकारी नियमावली, सगळ्यांनी वाचलं का, डिनर लेडीला विचारलं की काळजी वाटली तर कुणाला सांगशील तर तिला पटकन नाव सांगता येतं का. टेस्टरला जमण्यासारखंच आहे, पण एक टर्म बघा आणि मग हो म्हणा. हेडला सरळ सांगा की आधी बसून शिकते.

बाकावरची_बाई

+१. पहिली लिंक व्हिजिट मॅथ्स किंवा लायब्ररी अशी काहीतरी घ्या. आणि वर्गात गेलात की शिक्षिकेला मार्क द्यायला गेल्यासारखं वहीत लिहीत बसू नका, त्या बिचाऱ्यांचे हात थरथरतात, आपलं ते काम नाही. मुलांशी बोला, पुस्तकं बघा. तुमची मुलगी त्याच वर्गात असेल तर तो वर्ग दुसऱ्या कुणाला द्या.

सोलापुरी_चटणी

ठरलं, भरते. मुलीला सांगितलं तर म्हणते मग तू मिसेस हेडची बॉस का? म्हटलं नाही गं. म्हणते मग ती तुझी? त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

क्लार्कताई

फॉर्मसोबत नाही, पण निवडून आलात की पासपोर्ट आणि पत्त्याचे दोन पुरावे तयार ठेवा, डीबीएस म्हंजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी लगेच करायला लागते आणि नवीन गव्हर्नर नेमका काउन्सिल टॅक्सचं बिल शोधत बसतो.